ज्याचा टॅग, त्याचाच हात

काका, कारखान्यातली आपली अख्खी शॉप तुमाले उस्ताद म्हणे, मी मात्र पहिल्या दिवसापासून काकाच म्हणत आली. सगळं हिंदीत चालायचं तिथं, आपण दोघंच मराठी बोलत होतो. तुमाले देवाघरी जाऊन आता सहा वर्षं झाली. आज कारखान्यात मी नव्या पोरापोरींचा पहिला ट्रेनिंग क्लास घेतला, आन् जुनवानीले घरी आली तशी चहासुद्धा न ठेवता तुमाले लिहाले बसली.

मी आयटीआय करून आलेली, शॉपमधली एकटी पोरगी. मले वाटे, मले सगळं येते. तुमाले मशीनचं ड्रॉइंग वाचता येत नव्हतं. डब्याच्या सुट्टीत तुमी कागद फरशीवर पसरवून माझ्यासमोर मांडी घालून बसत, पंचावन्नाव्या वर्षी, आन् विचारत, "हे फुली मारल्यावानी का हाये? सांग, आता तू उस्ताद." बाकीचे हसत. एकानं तर म्हणलंच, बुढाऊ, आता शिकून काय कलेक्टर होणार काय? तुमी भाकरी मोडत त्याले म्हणलं, "शिकाले वय नाही लागत बाबू, लाज सोडा लागते." मले तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं.

मग तो मे महिन्यातला दिवस. माल वाहणारा बेल्ट बंद होता आन् तुमी मशीनच्या आत काम करून राहिले होते. पॅनलच्या स्विचले तुमचा लाल टॅग लटकला होता, खिळ्यानं नंबर कोरलेला. टॅग आहे तोवर मशीन चालू करायची नाही, आन् ज्याचा टॅग त्यानंच काढायचा, एवढा एक नियम. मी चार वाजता पाह्यलं, तुमी माठाजवळ उभे, गमछानं तोंड पुसत होते. मले वाटलं काम झालं, काका टॅग विसरले. मी मोठी शहाणी! टॅग काढला, वळून पाह्यलं तर तुमी माठाजवळ नव्हते, चहाले गेले असाल म्हणून टॅग द्याले टपरीवर गेली. तिथं तुमी नव्हतेच. तुमी पाणी पिऊन परत आत गेले होते.

कशी धावली माहीत नाही. ऑपरेटर पॅनलकडे येऊनच राहिला होता. मी ओरडली, "रुको!" आन् टॅग परत अडकवला. तुमी बाहेर आले, माझं तोंड पाह्यलं, सगळं समजून गेले. शिव्या द्याल वाटलं होतं. तुमी फक्त म्हणलं, "मी बाहेर दिसलो म्हणजे बाहेर हाये, असं नसते पोरी."

दुसऱ्या दिवशी तुमी मले माझा टॅग स्विचले लावाले सांगतलं आन् बंद मशीनच्या आत पाठवलं. "बस दहा मिनिटं. काही करू नको, आयक." अंधार, ग्रीसचा वास, गुडघे छातीले लागलेले. बाहेर कोणाचंही पाऊल वाजलं की वाटे, काढला कोणी माझा टॅग. तुमी पॅनलजवळ उभे होते, तरी. बाहेर आल्यावर मी घामानं भिजली होती, आन् तुमच्याकडून बिडी पेटत नव्हती, हात कापत होते. मले वाटलं, रागानं.

तुमी हे कोणाले सांगतलं नाही. "आज सांगतलं तर तुले शिकवणार नाही कोणी, घरी पाठवतील. म्हणतील पोरींचं काम नाही. एक दिवस तूच सांगशील." रिटायर झाले त्या दिवशी टॅगच्या बोर्डावरचा आपला लाल टॅग स्वतःच्या हातानं काढला, माझ्या तळहातावर ठेवला आन् सायकलीवर बोरसीले घरी निघून गेले. चहा पाजते म्हणून थांबवलं, थांबले नाही.

आज तो टॅग टेबलावर ठेवला होता. आधी कंपनीच्या स्लाइड दाखवल्या. पोट्टे खिडकीबाहेर पाहत होते, मीच जांभई दाबली. मग तुमची गोष्ट सुरू केली. पण काका, तोंडातून निघालं "एक लड़की थी." 'मी' म्हणवलंच नाही. बारा वर्षं लपवलेलं, आता ट्रेनर म्हणून बसवलेलं, हे कळलं तर खुर्चीही जाईल, हाच विचार डोक्यात. गोष्ट संपली. मागच्या बाकावरच्या पोरीनं हळूच विचारलं, "मॅडम, उस लड़की का क्या हुआ? निकाल दिया?"

मले भाकरी मोडणारे तुमचे हात दिसले. लाज सोडा लागते.

"नहीं निकाला," मी म्हणलं. "तुम्हारे सामने खड़ी है."

कोणी हसलं नाही. मग प्रश्नांवर प्रश्न आले, सुट्टीची घंटा झाली तरी कोणी उठेना. त्या पोरीनं तुमचा टॅग हातात घेऊन उलटा-सुलटा पाह्यला. मॅनेजर उद्या काय म्हणतील ते म्हणोत, मले आज हलकं हलकं वाटून राहिलं आहे.

हे पत्र कुठं पाठवू, टॅग ठेवते त्या डब्यातच राहील. उद्या या पोरायले एकेक करून बंद मशीनच्या आत बसवणार आहे, आपापला टॅग लावून, दहा दहा मिनिटं. पॅनलजवळ मी उभी राहीन. आन् एक खरं सांगते काका, त्या दिवशी तुमाले राग नव्हता आला, तुमी भेले होते. हे मले आज दुपारी समजलं, उद्याच्या विचारानं माझेच हात कापाले लागले तेव्हा.