अकराव्या लॉकची डावी भिंत न फोडण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय जलमार्ग अधिकारी,
हॅदर्लो कालवा कार्यालय,
थॉर्नबी.

विषय : लॉक क्र. ११ ची डावी भिंत न फोडण्याबाबत व तेथे अडकलेल्या नावेच्या मालकाकडून एक वाक्य वदवून घेण्याबाबत.

संदर्भ : १) भिंतीची जाडी तीन इंच कमी करण्याचा आपला आदेश, दि. १२ जून.
२) उद्घाटन सोहळा, स्वयंसेवकांसाठी सूचनापत्रक, कलम ४.

महोदय,

१. मी, एनिड क्रॅबट्री, वय ७१, कालवा पुनरुज्जीवन मंडळाच्या मंगळवार पथकात एकोणीस वर्षे काम करते. काठच्या वाटेवरची काटेरी झुडपे तोडणे, गाळ उपसणे, गाळातून निघालेल्या अकरा सायकली आणि एक शिवणयंत्र वाहून नेणे ही कामे मी केली आहेत. हे उपकार म्हणून सांगत नाही. पुढची मागणी कोण करते आहे, एवढे आपल्याला ठाऊक असावे.

२. सदर डावी भिंत, म्हणजे पाणी भरून-सोडून नावा वर-खाली नेणाऱ्या दोन दरवाजांमधल्या त्या अरुंद हौदाची एक बाजू, माझे पती कै. विल्फ्रेड क्रॅबट्री यांनी सात वर्षांत बांधली. आधीची भिंत झाडांच्या मुळांनी फाडून टाकली होती. विल्फने जुन्याच विटा घासून, चुन्यात बसवून ती पुन्हा उभी केली. त्यांच्याकडे सात फूट दोन इंचांची एक काठी होती. विटांचा प्रत्येक थर झाला की कोरड्या लॉकमध्ये उतरून ते ती काठी दोन भिंतींच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवीत. कुठे घासली तर तो थर काढून परत. पथकातले लोक चहाला बसत तेव्हाही हे खालीच असत. "एनिड, माझा कप तिथंच ठेव गं, येतोच," असे खालून म्हणत, आणि चहा नेहमी गार होई.

३. मंडळाचे अध्यक्ष श्री. रूपर्ट ॲन्स्ट्रदर तीन वर्षांपूर्वी या गावात राहायला आले व दुसऱ्याच वर्षी अध्यक्ष झाले. त्यांनी कालव्यात आजवर पाय बुडवलेला नाही. उद्घाटनाच्या पाटीवर विल्फचे नाव घालावे, असा विनंतीअर्ज मी मार्चमध्ये केला. विल्फ फेब्रुवारीत गेले होते, लॉकमध्ये पाणी आलेले त्यांनी पाहिले नाही. यावर अध्यक्ष चहाच्या टपरीत सर्वांदेखत म्हणाले, "एनिडबाई, भावना समजतात हो. पण म्हातारबुवा काठी घेऊन हिंडण्यापलीकडं करायचे तरी काय?" पाटीवर आता एकच नाव आहे. ते कोणाचे, हे सांगायला नको.

४. दि. ७ जून रोजी उद्घाटनाची पहिली नाव म्हणून अध्यक्षांची स्वतःची नाव लॉकमध्ये शिरली. नावेची रुंदी सहा फूट दहा इंच आहे. म्हणजे ती सहज जायला हवी होती. परंतु काठाला नाव बांधताना धक्का बसू नये म्हणून कडेला दोराचे जे जाड गोळे टांगतात, ते सौ. ॲन्स्ट्रदर यांनी सोहळ्यासाठी नवे, पांढरे आणि भोपळ्याएवढे आणले होते. लॉकमध्ये शिरण्यापूर्वी हे गोळे वर ओढून घ्यायचे असतात. आमच्या पथकात नव्या माणसाला पहिल्या मंगळवारी हीच गोष्ट शिकवतात. अध्यक्ष कधी मंगळवारी आले नाहीत. त्यात नावेभोवती सोनेरी अक्षरांचे निळे कापड लावलेले, म्हणून गोळे कोणाला दिसत नव्हते.

५. मला ते ठाऊक होते. बांधताना मी पाहिले होते. मी दरवाजाची लोखंडी किल्ली हातात घेऊन लॉकच्या काठावर उभी होते. शेजारी उभ्या असलेल्या, आमच्या पथकातल्या नोरा टॅटर्सल माझ्या कानात म्हणाल्या, "अगं, गोळे वर घ्यायला सांग की त्याला!" मी म्हटले, "कलम चार, नोरा. हस." कलम ४ असे : 'स्वयंसेवकांनी पाहुण्यांस वा पदाधिकाऱ्यांस आपणहून सूचना देऊ नयेत, हसतमुख उभे राहावे.' हे कलम अध्यक्षांनीच लिहिले आहे. आम्ही चौदाहीजण हसतमुख उभे राहिलो. नाव अर्धी आत गेली, किंचाळल्यासारखा आवाज झाला आणि बँड थांबला.

६. आज नववा दिवस. तीस माणसांनी ओढून पाहिले, दोन ट्रॅक्टर लावून झाले. नाव आत जात नाही, बाहेर येत नाही. अध्यक्षांनी आपणांस दिलेल्या लेखी जबाबात अडकण्याचे कारण 'भिंत वाकडी' असे लिहिले आहे. त्यावरून आपण आदेश काढला व गुरुवारी ठेकेदार येणार आहे. भिंत वाकडी नाही. काल मी व नोराबाईंनी विल्फची काठी दोन्ही टोकांना दोरी बांधून खालच्या दरवाजापासून नावेच्या नाकापर्यंत पाण्यावरून ओढत नेली. एकदाही घासली नाही. मला तिथेच रडू आले, हेही नोंदवते.

७. लॉकमध्ये वीस मिनिटांपेक्षा जास्त नाव थांबवू नये, असा आपलाच नियम आहे. त्यानुसार मी रोज सकाळी नावेवर एक नोटीस चिकटवते. आजवर नऊ झाल्या. या नोटिशींनी कापडावरचे सोनेरी अक्षरांतले अध्यक्षांचे नाव आता पूर्ण झाकले आहे. शेजारच्या गावांतून लोक डबे घेऊन नाव पाहायला येतात, मुलांना दाखवतात. ती तिथे नाताळापर्यंत राहिली तरी मंगळवार पथकाची हरकत नाही.

८. गोळ्यांचे दोर कापून ते बांबूने खाली ढकलले की नाव पाव तासात सुटेल. हे आपल्याला कळवल्याने माझे नुकसान नाही, कारण मालकाने लेखी दिलेल्या कारणाखेरीज अन्य कारणासाठी त्याच्या नावेला हात लावता येत नाही, असे आपल्याच खिडकीवर मला दोनदा सांगण्यात आले आहे. म्हणजे कारण अध्यक्षांनाच बदलावे लागेल.

९. म्हणून विनंती की, गुरुवारचे काम रद्द करावे. येत्या मंगळवारी, चहाच्या वेळी, अध्यक्षांना लॉकच्या काठावर बोलवावे. त्यांनी पथकासमोर, पलीकडच्या काठावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावे : "विल्फ क्रॅबट्रींची भिंत सरळ आहे." एकदाच. मग तेच लेखी द्यावे. मला राग आहे. तो अर्जात लिहू नये, असा नियम मला कुठे सापडला नाही.

तसदीबद्दल क्षमा मागत नाही, बाकी सर्व बाबतीत आपली नम्र,

एनिड क्रॅबट्री
मंगळवार पथक
सोमवार, १६ जून

सोबत :
१) सूचनापत्रक, कलम ४ खाली रेघ मारून.
२) नोटिशींच्या प्रती, नऊ.
३) काठी, सात फूट दोन इंच. पाकिटात मावत नसल्याने आपल्या कार्यालयाच्या दाराशी उभी करून ठेवली आहे. कृपया सांभाळून ठेवावी, ती परत हवी आहे.
४) दोर कापण्यासाठी पाव कापायची सुरी. सोबत जोडलेली नाही. मंगळवारी मी घेऊन येईन.