धानाच्या पोटातला पांढरा ठिपका

३ नोव्हें., सोम.
आज परत चूरा. रोलरखालून पोहे येऊन राहिले ते अर्धे तुटलेले. मिस्त्रीकाकांवर ओरडलो, "भट्टी जास्त तापवता तुम्ही." ते गरम रेतीत धान हलवत राहिले, वर पाहिलंच नाही. मागे शेठजी उभे. "दो साल फूड इंजीनियरिंग पढ़े हो ना? शनिवार तक चूरा कम करो. नहीं तो वापस गोदाम, बोरे सिलो." कॉलेज अर्धं सोडलं, याची आठवण हा माणूस दिवसातून दोनदा करून देतो.
गोदाम, जिथे पोती शिवायची, ते मिलचं पार दुसरं टोक. या टोकाला लॅब, लॅबमध्ये पल्लवी. म्हणजे शनिवारी माझं सगळंच ठरणार.

४ नोव्हें.
भट्टी कमी केली. धान फुलेना, साल सुटेना. वाढवली. जळकट वास.
प.च्या घरी, ब्राह्मणपाऱ्यात, सगळे मराठी बोलतात. ही मात्र उत्तर देणार हिंदीतच. "ओलावा पाहा ना परत," म्हटलं. "मीटर तो ठीक बता रहा है. दिमाग किसका गरम है, वो मीटर नहीं बताता."
घरी येऊनही हेच आठवून हसून राहिलो. आई म्हणे, "काहून रे, ताप आहे का तुले?"

५ नोव्हें.
रोलरमधली फट वाढवली. पोहे तुटले नाहीत, पण काकांनी एक उचलून उन्हात धरला. "ए पोहा नोहय बाबू, खपरा आय." म्हणजे घरावरचं कौल. सगळी मिल हसली. प. पण. रागात पाना फेकला, तो माझ्याच पायावर.

६ नोव्हें., गुरु.
प.नं भिजलेलं धान ब्लेडनं उभं चिरून दाखवलं. मधोमध पांढरा ठिपका. "ऊपर गीला, अंदर सूखा. मीटर दोनों का औसत दे देता है." पाणी पोटापर्यंत पोचलंच नाही. असा दाणा रोलरखाली दाबला की फुटणारच.
माझे कान गरम. पूर्वी धान पाण्यातून काढून, निथळवून सात तास ढिगात तसंच ठेवायचे. गेल्या महिन्यात मीच ते दोन तासांवर आणलं. दिवसाला एक घाणा जास्त निघाला, शेठजींनी पाठ थोपटली. प.च्या समोर. पाण्याला आत शिरायला वेळ लागतो, हे दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. मी तेव्हा मागच्या बाकावर... जाऊ दे.
आठवडाभर काकांना बोललो त्याचं काय?
प.ला काही सांगितलं नाही.

७ नोव्हें.
चहाच्या वेळी काकांना सांगून टाकलं. "चूक माझी होती. तुमची भट्टी बरोबरच होती." काका बशीत फुंकर मारत, "मोला मालूम रिहिस."
माहीत होतं, मग बोलले काहून नाही?
"तैं सुनस कहाँ?"
खरंच, मी ऐकतो कुठे. राग आला, पण करू कोणावर.
काका म्हणाले, थंडीत ढीग झाकला पाहिजे, नाहीतर वरचं धान सुकतं. पूर्वी पोत्यांचा बारदाना टाकायचे. प. म्हणे, "बारदाना नहीं, उसका रेशा गिरता है. धुली हुई सूती चादर." म्हणून दुपारी तिच्या स्कूटीवर मागे बसून गोल बाजार. दहा पांढऱ्या चादरी. दुकानदार म्हणे, "घर में शादी है क्या, भैया?" मी चादरी मोजू लागलो. प. थंडपणे, "नहीं, धान सोएगा."
घरी धुऊन वाळत घातल्या. आईनं दोरीवरचे कपडे काढून जागा करून दिली.

८ नोव्हें., शनि.
सातला ढीग झाकला, दोनला उघडला. प.नं दहा दाणे चिरले. ठिपका एकातच. मग भट्टी, रोलर, चाळणी. खाली चूरा अगदी थोडा. काकांनी चिमूटभर पोहे तोंडात टाकले आणि म्हणाले, "हव." म्हणजे हो. बस.
पण सात तास म्हणजे रोजचा एक घाणा परत कमी. शेठजींना ते रुचणार नाही.
पाचला रजिस्टर. "चूरा बढ़ने का कारण" हा रकाना प.नं कोरा ठेवला होता. पेन माझ्याकडे सरकवलं. हिला कधीपासून माहीत? मी लिहिलं: निथळलेलं धान सातऐवजी दोन तास ठेवलं. खाली माझं नाव.
शेठजींनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. "सोमवार को आना." कुठे, ते नाही सांगितलं.
प. लॅबला कुलूप लावत होती. "सोमवार को तुम्हारे लिए डब्बे में क्या लाऊँ?"
"मी कुठे असेन तेच माहीत नाही मले."
"डब्बा गोदाम में भी खुलता है," म्हणाली आणि स्कूटी सुरू केली.