मॅडमना सांगितलेली पाखरं

४ फेब्रुवारी २०२४

"ही ना? ही माझी दुर्बीण उचलते!" — असं म्हणाली म्हातारी, आमची मॅडम. कॉलेजातल्या भाषणानंतर कुणीतरी विचारलं, ह्या बाई कोण? तर हे उत्तर. सगळ्यांसमोर! लोक हसले. मी पण हसले. घरी येऊन जेवण गेलं नाही.

बारा वर्षं हॅरिएट मॅडमच्या मागे हिंडतेय मी. अमेरिकेहून म्हैसूरला आली तेव्हा हिच्या नावावर तीन कादंबऱ्या, तिन्ही धूळ खात पडलेल्या. नाव झालं ते इथल्या तळ्यांवरच्या, पाखरांवरच्या लेखांनी. ती पाखरं दाखवली कुणी? मागच्या पुस्तकात चाळीस नोंदी माझ्या वहीतून उचलल्या. माझा उल्लेख काय, तर 'एक स्थानिक बाई'. वनजा जाधव, निवृत्त विज्ञान शिक्षिका — एवढं छापायला शाई संपली होती काय?

९ फेब्रुवारी

मॅडमच्या डोळ्यांचा निकाल लागला. दोन्हींच्या नजरेचा मधला भाग गेला. परत येणार नाही, डॉक्टर स्पष्टच म्हणाले. रिक्षात तिने माझा हात धरला. "शेवटचं पुस्तक राहिलंय, वनजा. तू बघ, मला सांग. मी लिहीन."

म्हटलं, बघते की.

१६ फेब्रुवारी

कुक्करहळ्ळी तळ्यावर सकाळी साडेसहाला. चार पाणकावळे, पंख पसरून वाळवत बसलेले. बाकी काही नाही. बाकावरून म्हातारीचा एकच घोशा — "काय दिसतंय? काय दिसतंय?"

"पाच पाणकावळे, मॅडम. त्यातला एक पांढराशुभ्र!"

सुम्मने, उगीच आपलं बोलून बघितलं हो. तर ही बाकावरून उठलीच. तिथल्या तिथे दीड पान सांगितलं, मी उतरवून घेतलं. इतकं सोपं असतं होय!

१७ फेब्रुवारी

माझ्या वहीत मात्र चारच लिहिलेत. काळे.

३ मार्च

आज कमाल केली. बेटावरच्या झाडात पेलिकनचं एक पिल्लू, त्याची आई मेलेली, आणि शेजारचा चित्रबलाक त्याला रोज मासा आणून भरवतो — असं ठोकून दिलं. असं कुठे असतं! सातवीतल्या पोरांनीसुद्धा मला वेड्यात काढलं असतं. आणि हिला पक्ष्यांवर लिहिल्याबद्दल दोन बक्षिसं मिळालीत म्हणे.

म्हातारी रडली. आंधळ्या डोळ्यांतून घळाघळा. मला दया आली का? आली थोडी. मग कॉलेजातलं ते हसणं आठवलं, आणि म्हटलं, "मॅडम, दुसरं पिल्लू पण आहे."

१० मार्च

काव्या मजकूर टाइप करून देते. भावाची मुलगी, मराठी बोलताना अडखळते, पण इंग्रजी झकास. पेलिकनपाशी थांबली. "अय्यो आत्या, हे निजवागलू, खरंच झालं?"

"या डोळ्यांनी बघितलंय."

पोरीच्या डोळ्यांत पाणी. साकु, पुरे! सगळ्यांनीच रडायचं ठरवलंय.

२२ जून

न्यूयॉर्कहून संपादकाची मेल. मीच वाचून दाखवली. त्यांचे पक्षीतज्ज्ञ म्हणतात, पेलिकनचा हा प्रकार जगात कुठे नोंदलेला नाही, काढून टाकू या का?

वाटलं, सापडले मी. म्हातारी मात्र ताठ बसली. "लिही. वनजाने पाहिलंय. एक अक्षर काढायचं नाही."

पाठवली मेल. इथे कमावलेलं सगळं नाव पाण्यात घालवणार ही, आणि तीही स्वतःच्या हट्टाने. पुस्तक निघू दे. सगळ्या अमेरिकेसमोर नाक कापलं जाईल. मग कळेल दुर्बीण उचलणारी कोण ते.

२ जुलै

आज खरं सांगून टाकावंसं वाटलं. अगदी जिभेवर आलं होतं. पुस्तक छापायला जायला अजून आठवडा आहे. पण मी 'मॅडम' म्हणते न म्हणते तोच ती खेकसली — "कॉफी गार झाली, दुसरी आण!"

आणली.

९ जुलै

गेलं छापायला. आता माझ्या हातात काही नाही. मस्त झोप लागली.

११ जानेवारी २०२५

पुस्तक आलं. खोकं मीच फोडलं. मुखपृष्ठावर दोन नावं. वर माझं, खाली तिचं. पहिल्याच पानावर: 'मला आता दिसत नाही. या पुस्तकातलं एकूण एक पाखरू वनजा जाधव यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शब्द माझे, साक्ष त्यांची.'

"संपादकाला गुपचूप फोन करून सांगितलं मी," म्हातारी म्हणाली. "बारा वर्षं राहून गेलं होतं." मग मुखपृष्ठावर बोटं फिरवत — "नाव नीट छापलंय ना गं? मला दिसत नाही."

म्हटलं, हो. नीट छापलंय.