घरामागचा बोरू

महाड,
९ मे

प्रिय महिपती,

अक्षर जाड आहे, दोन-तीन ठिकाणी शाई सांडली आहे. तिकडे लक्ष देऊ नकोस. कारण शेवटी सांगते. कालपासून तुला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तू ‘ताई, मंडपवाला दुसऱ्या लाईनवर आहे’ म्हणून ठेवून दिलास. शिवाय जे सांगायचं आहे ते फोनवर माझ्याने बोलवणारही नाही. म्हणून हे पत्र. एका जागी बस, नूतनलाही शेजारी बसव आणि पूर्ण वाच. मध्ये उठायचं नाही.

काल मी आपल्या कोंडावर, डोंगरातल्या आपल्या जुन्या वाडीत, जाऊन तुझं नवं घर बघून आले. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे रिक्षा आणि शेवटची चढण पायी. गुडघ्यांचं विचारू नकोस. घर सुंदर झालं आहे, हे आधी लिहून टाकते. ओटी ऐसपैस आहे. नूतनने निवडलेला फिका पिवळा रंग उन्हात खुलून दिसतो. जानू गवंडी तर घर स्वतःचंच असल्यासारखा मला एकेक खोली दाखवत होता. मागच्या खोलीत, जिथे तुमचा साहिल, अंकिता आणि बाळ झोपणार, तिथे भिंतीला खालून हातभर ओल होती. हे काय, म्हणून विचारलं. म्हणाला, “शिमिटाला मारलेला पानी तो ताई, सुकंल.” शेवटचं पाणी कधी मारलंस, असं विचारल्यावर त्याने बोटांवर महिने मोजले, मध्येच थांबला आणि म्हणाला, “ता ऱ्हाऊ दे. मागं चला, तुमाला गंमत दावतो.”

मागे गेले आणि माझी चप्पल चिखलात रुतली. मे महिना आहे, महिपती. कोंडाची विहीर तळाला गेली आहे. गुरांना पाणी दाखवायला लोक खाली ओढ्यापर्यंत उतरतात. सगळा डोंगर करपलेला. आणि तुझ्या घरामागे डोंगर कापून जी उभी भिंत केली आहे, तिच्या पायथ्याशी बोरू उभा होता. माझ्या डोक्याच्याही वर, हिरवागार, घराच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. जानू हरखून सांगत होता, “घरामागंच पानी! पंप नको, टँकर नको. महिपतीदादाचा नशीब हाय!” खडीच्या ढिगावर मी मटकन खाली बसले. तीस वर्षं वर्गात खुर्ची न वापरलेली बाई मी. जानूला वाटलं ऊन लागलं. तो पाणी आणायला धावला.

तुला वाटेल, बोरूत एवढं हबकण्यासारखं काय आहे. तुझी चूक नाही. आपल्या लहानपणी बोरू फक्त वरच्या झऱ्याच्या काठाने उगवायचा. त्याची वाळलेली कांडी आबा तोडून आणायचे, चाकूने तिरपा काप घ्यायचे, टोकाला मधोमध चीर द्यायचे आणि आपल्याला कित्ता गिरवायला बसवायचे. माझा बोरू मी जपायची. तू तुझ्या बोरूची पिपाणी करायचास आणि मार खायचास. शेजारची ठकूकाकी त्याच बोरूच्या ताट्या विणून गोठ्याला लावायची. आपण दप्तर घेऊन निघालो की ओरडायची, “निगाले बोरूबहाद्दर! शेन कोन काढील, तुमचा मास्तर?” पुढे मी इथे महाडला कॉलेजात आले आणि पहिल्यांदा जाडजूड इंग्रजी शब्दकोश हाताळला. बोरूला त्यात रीड म्हटलं होतं आणि खाली अर्थांची रांगच होती. गवत, लेखणी, पावा, विणकराच्या मागावरची फणी, वाद्यात सूर काढणारी पट्टी. मी लगेच तुला कार्ड टाकलं की भजनातल्या तुझ्या पेटीत जे रीड बसवतात ते पितळेचे बोरूच आहेत. ते कार्ड तू कितीतरी दिवस पेटीच्या झाकणात ठेवलं होतंस. मला तेव्हा वाटलं होतं, या शब्दाचे सगळे अर्थ आपल्याला कळले.

एक राहिला होता. तो ठकूकाकीला ठाऊक होता, आणि तो सांगायला ती माझ्या घरी आली होती. पाच वर्षांपूर्वी, अशाच मे महिन्यात. ऐंशीची बाई चढण उतरून, दोन गाड्या बदलून आली. पदरात बोरूची चार-पाच ओली कांडी. स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि ती कांडी माझ्यासमोर मांडली. म्हणाली, “आवडे, वरचा झरा दोन वर्सां आटलाय. आन् बोरू आता माज्या घराच्या वर फुटलाय, जितं कदी नव्हता. बोरू पान्याच्या मागनं जातो गो. पानी भायेर यायचा सोडून डोंगराच्या पोटात शिरलाय. माजा जीव थाऱ्यावर नाय. तू अर्ज लिव. सायबांना म्हनावं, येऊन बघा.”

मी हसले, महिपती. म्हटलं, काकी, गवत उगवलं म्हणून तहसीलदारांना अर्ज करायचा? उद्या कावळा ओरडला म्हणून करायला सांगशील. तिने ती कांडी माझ्याकडे आणखी सरकवली. मग म्हणाली, “मला लिवता आला असता तर तुज्या दारात आले असते काय?” मी तिला चहा पाजला, डाळभात खायला घातला आणि दुपारच्या एसटीत बसवून दिलं. कांडी ओट्याखाली तशीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी मी ती घंटागाडीत टाकली.

जुलैमध्ये दरड आली. ठकूकाकी, तिचा मुलगा हरिबा आणि सून बायजा तिघंही गेली. नात पूनम परीक्षेसाठी मामाकडे राहिली होती म्हणून वाचली. इकडे महाडात सावित्रीच्या पुराचं पाणी माझ्या जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत चढलं होतं. ते ओसरल्याबरोबर मी कोंडावर गेले, शाळेत चूल मांडली, पंधरा दिवस सगळ्यांना जेवू घातलं. पेपरात माझा फोटो आला. ते कात्रण तू चौकटीत लावलं आहेस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतोस. त्यात माझं एक वाक्य आहे: ‘असं काही होईल याची कोणालाच कल्पना नव्हती.’ ते खोटं आहे. ते कात्रण आज काढून टाक. मी भूगोल शिकवायची. जमिनीत मुरणारं पाणी, खालचा कठीण थर, मध्येच फुटणारा झरा, ही आकृती मी रंगीत खडूंनी शेकडो वेळा फळ्यावर काढली आहे. निरक्षर काकी तीच आकृती पदरात बांधून घेऊन आली आणि मला ती ओळखता आली नाही.

पुढचं तर तुला माहीतच आहे. तू विचारलंस, ताई, आपल्या वाटणीच्या जागेत घर बांधू का? मी गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि सांगितलं, काकीची बाजू गेली, पश्चिमेची बाजू पक्की आहे, खुशाल बांध. डोंगर थोडा कापून घे म्हणजे मागे पडवी निघेल, हेही मीच सुचवलं. माझ्या शब्दावर तू तिथे आयुष्याची कमाई घातलीस. काल त्या हिरव्या बोरूमध्ये मला वाळलेली कांडीही दिसली. म्हणजे तो यंदाचा नाही. निदान गेल्या वर्षीपासून तिथे पाणी आहे आणि आपण सगळे पुढच्या बाजूने काढलेले घराचे फोटो बघत होतो.

आता नीट वाच. त्या घरात राहायला जायचं नाही. वीस तारखेची वास्तुशांत रद्द. मंडपवाल्याला आजच कळव. जाणकार माणूस येऊन डोंगर तपासून लेखी देत नाही तोवर त्या मागच्या खोलीत बाळाला एक दुपारसुद्धा झोपवायचं नाही. नूतन रडेल. रडू दे. मी तिची माफी समोर येऊन मागेन. कदाचित माझं चुकतही असेल, कदाचित ती नुसती ओल असेल. पण गेल्या वेळी मला माझ्याबद्दल पुरती खात्री होती, हे लक्षात ठेव.

उरलं ते शेवटचं. जानूने आणलेलं पाणी प्यायले आणि त्याला म्हटलं, सगळ्यांना बोलाव. तुझ्या ओटीवर वीसेक माणसं जमली. तुझ्या घराच्या वर आणि खाली मिळून चौदा घरं आहेत, ती सगळी त्याच उतारावर. मी सांगितलं की आपण अर्ज करू, पावसाआधी पाहणी मागू, तोवर शाळेत राहू. मालोजी लगेच म्हणाला, “बाय, नव्या घराला दिष्ट लावू नका. आन् बोरू का आज उगवला?” काहीजण हसले. तेवढ्यात मागून पूनम पुढे आली. आता चांगली उंच झाली आहे, ठकूकाकीसारखीच भुवया आखडून बघते. सगळ्यांसमोर मला म्हणाली, “बाई, आजी तुमच्याकडे ह्याच्यासाठीच आली होती ना? अर्ज लिवायला?” माझ्या तोंडून एवढंच आलं, “हो.” पोरीला पाच वर्षं ठाऊक होतं. माझ्या पंगतीत बसून ती जेवली होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती. मला वाटलं, आता ही ओरडेल, शिव्या देईल. मी तयार होते. ती घरामागे गेली, एक वाळलेलं कांडं मोडून आणलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “आता लिवा.”

त्याच कांड्याचा आज मी बोरू केला. आबांसारखा तिरपा काप जमायला चार वेळा टोक तासावं लागलं. बोट कापलं, ते असो. आधी ठकूकाकीचा अर्ज लिहिला, तिने सांगितलेल्या शब्दांत, आणि ती माझ्याकडे कधी आली होती आणि मी काय उत्तर दिलं होतं, तेही त्यात लिहिलं. मग हे पत्र. चौदा घरांपैकी एकही आधी सही करायला तयार नाही. काल मी निघताना सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, “पयली सही महिपतीदादाची. त्याचा सगळ्यात मोठा घर. तो घाबरला तर आमी घाबरू.” त्यासाठी तुला हे लिहिलं. वीस तारखेची वाट बघू नकोस, पत्र मिळाल्याबरोबर इकडे निघ. अर्ज टेबलावर आहे आणि दौत उघडी आहे. बोरूचं टोक बरंच झिजलं आहे, पण तुझ्या सहीपुरतं शिल्लक ठेवते.

तुझीच,
आवडीताई