वाकड्या टोपलीचा डाव

शांगवान, हायनान, चीन
ता. ३ एप्रिल २०१८

॥ दर्याचे एकशे आठ भाऊ प्रसन्न ॥

चि. यूचिन हिला देमाओदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पाकीट पाहून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून पत्र लिहितोय याचं कारण बाबा. शहाऐंशीव्या वर्षी कान गेले, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवावा लागतो, आणि मग घरचं गुपित अख्खी गल्ली भाताबरोबर तोंडी लावते.

तर बातमी अशी, की कचेरीने मला नवी लोखंडी बोट दिली. सोबत हिरवा गणवेश, शिट्टी आणि कर्णा. मी आता नुसता कोळी नाही, सागरी स्वयंसेवक आहे. पंधरा दिवस कवायत झाली. दर्यावर चाळीस वर्षं काढलेल्या आम्हा अकरा जणांना एका साहेबाने पोहायला शिकवलं, तेही शाळेच्या पटांगणावर, मातीत पालथं झोपवून. आता तीन महिने वाकड्या टोपलीच्या खडकांवर जायचं आहे. मासे धरायचे नाहीत, फक्त दिसायचं. त्यांच्या गोल कड्याच्या आतल्या उथळ पाण्यात नांगर टाकायचा, आणि व्हिएतनामी बोटी आल्या की आपण तिथे जन्मापासून बसलो आहोत असा चेहरा करायचा.

अडचण तुला ठाऊक आहे. आपल्यातलं कोणी टोपलीच्या आत कधी जात नाही. आता नव्या संग्रहालयाला टोपली आपलीच असल्याचा पुरावा म्हणून बाबांची वाटवही हवी आहे. कुठल्या खडकाला कुठल्या दिशेने किती वेळ जायचं, हे पाच पिढ्यांनी तिच्यात लिहिलंय. कचेरीचे साहेब तीस पानं वाहवा करत गेले. एकतिसाव्यावर बाबांचं अक्षर: 'वाकडी टोपली. १९७२, सातवा महिना. आतलं पाणी बुद्धिबळात बुई थोआन या व्हिएतनामी नाखव्याला हरलो. यापुढे लू घराण्याने बाहेर थांबावं.' साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, की हे पान जरा सुटं दिसतंय, आपोआप निघेल. बाबा म्हणाले, की शिवण माझी आहे, निघणार नाही.

आता माझं असं झालंय: आत गेलो तर बाबा वही मला देणार नाहीत, ती सरळ चुलत्याच्या घरी जाईल. नाही गेलो तर बोट परत, आणि तिच्यावर अकरा घरांच्या चुली आहेत. तू लाडकी लेक. पान फाडू द्या म्हणून तू त्यांना लिही. माझ्या शब्दाला इथे सुक्या बोंबलाएवढीही किंमत नाही.

लोभ असू दे, आणि उत्तर माझ्या नावाने टाक, बाबांच्या नव्हे.
तुझा दादा

---

मलाक्का
ता. १८ एप्रिल २०१८

ती. दादा यांस यूचिनचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझ्या सांगण्यावरून बाबांना चार पानं लिहिली. देश, काळ, नातवंडं, सगळं त्यात घातलं. उत्तराला एकच ओळ आली: पाचव्या वर्षी जी मुलगी हरायला लागली की हत्ती झग्यात लपवायची, तिने मला शहाणपण शिकवू नये. हे त्यांना अजून आठवतं, आणि माझा वाढदिवस आठवत नाही!

इथे आमच्या कॉफीच्या दुकानात तुझा प्रश्न मांडला, अर्थात नाव न सांगता. सकाळच्या म्हाताऱ्यांनी दोन तास घशाला कोरड पाडली आणि एक कप कॉफी चौघांत प्यायली. निकाल असा, की खेळात गेलेलं खेळातच परत येतं. मलाही पटतंय. थोआनकाका नाहीतर त्यांचं कोणी गाठ, आणि परत डाव मांड. जिंकलास तर बत्तिसाव्या पानावर तसं लिही आणि खुशाल आत जा. बाबांना नाही म्हणायला तोंड उरणार नाही.

फक्त खेळताना आपल्या चिनी पटावरच्या तोफा भराभर पुढे ढकलू नकोस. लहानपणापासून तुझं ते खुळ आहे, आणि म्हणूनच माझ्याशीही हरायचास.

मिरचीचा ठेचा पाठवते आहे. माया कमी करू नकोस, ठेचा मात्र जपून खा.
तुझी यूचिन

---

वाकडी टोपली (बाहेरच्या बाजूने)
ता. ११ जून २०१८

चि. यूचिन हिला अनेक आशीर्वाद, वि. वि.

रसद घेऊन येणाऱ्या बोटीसोबत हे पत्र धाडतोय. ठेचा पोचला आणि संपला.

समोर शंभर वावांवर व्हिएतनामी लाकडी बोट उभी आहे. त्यांनाही नवा गणवेश, त्यांनाही मासे धरायला बंदी. आमच्यामधून हातभर लांबीचे मासे मिरवत जातात, आणि आम्ही दोन्हीकडची मिळून वीस माणसं डब्यातले मासे खातो. आम्ही आत शिरलो तर ते शिरणार, ते शिरले तर आम्ही, म्हणून दोघेही टोपलीच्या तोंडावर खोळंबलोय. मागे दोन्हीकडची एकेक पांढरी गस्तीनौका आहे.

तिथला नाखवा निघाला थोआनकाकांचा मुलगा, लाप. काका गेल्या हिवाळ्यात वारले. आपली बोली तो बऱ्यापैकी बोलतो, बापाने शिकवली म्हणे. मी कर्ण्यातून डावाचं विचारलं. तो म्हणाला, की तीन आठवडे तो हाच विचार करतोय, पण आधी विचारणं बरं दिसलं नसतं. मग दोन्ही बोटींवर एकेक पट मांडला आणि कर्ण्यातून चाली सुरू झाल्या.

तुझं न ऐकता मी पहिल्याच चालीला ओरडलो, की तोफ मध्ये आणतोय. दोन्ही पांढऱ्या नौकांवर भोंगे वाजले. आमच्या नौकेवर आचाऱ्यानेसुद्धा लोखंडी टोपी घातली, चिलखत मिळेना म्हणून पोटाला मोठी कढई बांधली. खुलासा करता करता दुपार गेली.

पण खरा घोळ पुढेच झाला. हा डाव महत्त्वाचा आहे असं वर कुणाच्या तरी लक्षात आलं. आता आमच्या बोटीवर एक साहेब, एक बुद्धिबळाचे गुरुजी आणि चित्रण करणारे तिघे राहायला आलेत. गुरुजींना बोट लागते. ते उलटी करतात, मग चाल सुचवतात, ती राजधानीला जाते आणि चार दिवसांनी शिक्का होऊन येते. लापकडेही हीच तऱ्हा. काल मला प्याद्याची परवानगी आली, पण तोवर ते प्यादं मेलं होतं.

गुरुजी म्हणतात, तीन चालींत जिंकू. लोभ ठेव, आणि जिंकेपर्यंत बाबांना काही कळवू नकोस.
तुझा दादा

---

वाकडी टोपली
ता. २२ जून २०१८

ती. बाबांच्या चरणी देमाओचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

बाबा, तुम्हाला न सांगता टोपलीसाठी मी परत डाव मांडला आहे, आणि जिंकत आलो आहे. रागवू नका, पुढचं वाचा.

काल धुक्यात थोआनकाकांचा लाप गोल टोपलीहोडीतून एकटाच माझ्याकडे आला. शेवाळ लागलेली बोटीची कड धरून हळूच म्हणाला, की बापाने मरताना एक निरोप ठेवलाय. १९७२च्या डावात तुम्ही भाताच्या वाडग्यावर वाकलात तेव्हा काकांनी आपला घोडा एक घर पुढे सरकवला होता. ते लबाडीने जिंकले. लाप रडत होता. बाप गेल्यावर त्याची लबाडी अशी परक्या बोटीच्या कडेला येऊन सांगायची, सोपं नाही.

म्हणजे आपण हरलोच नव्हतो! सेहेचाळीस वर्षं आपण उगाच बाहेर ताटकळलो. साहेबांना अजून बोललो नाही. तुम्ही हो म्हणा, की हे सांगून टाकतो, पान रद्द, आणि मी ताठ मानेने आत नांगर टाकतो.

आशीर्वाद असावा, आणि या खेपेला तो लवकर यावा.
आपला देमाओ

---

शांगवान
ता. २९ जून २०१८

चि. देमाओ यास आशीर्वाद.

घोडा सरकवला ते मी पाहिलं होतं. वाडग्यावर वाकलो होतो, आंधळा झालो नव्हतो.

आमची डोलकाठी मोडली तेव्हा थोआनने आम्हा सहा जणांना उचललं. नऊ दिवस त्याचा भात खाल्ला. त्याची माणसं अर्धपोटी राहिली आणि त्याच्यावर चडफडत होती, की वैऱ्यांना पोसून काय मिळालं. घरी दाखवायला त्याला काहीतरी जिंकून न्यायला हवं होतं. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. ज्याचा भात ओठाशी आहे त्याला लबाड कसं म्हणणार? मी अजून थोडा भात मागून घेतला आणि हरलो.

हे आजवर कोणाला बोललो नाही. आता तू जिंकलास तर ते नऊ दिवस खोटे होतात. हरलास तर बोट जाते आणि अकरा घरं उघडी पडतात. मला यातून वाट दिसत नाही. इतकी वर्षं तुला पोरच समजत आलो. तू नाखवा आहेस की नाही, ते तुझं तूच बघ.

घरी सर्व क्षेम. कोंबडीला पिल्लं झाली.
तुझा बाप

---

शांगवान
ता. २ ऑगस्ट २०१८

चि. यूचिन हिला अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी घरी पोचलो, बोटीसकट. बाबांच्या पत्राची नक्कल सोबत ठेवली आहे, ती आधी वाच. मी ते वाचून दोन दिवस जेवलो नाही. गुरुजी मात्र त्या दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

जिंकायच्या चालीवर शिक्का आला. चित्रण सुरू झालं, साहेबांनी केस विंचरले. मी पटापाशी बसलो आणि सर्वांच्या देखत माझा घोडा उचलून पटाच्या मधल्या नदीच्या अलीकडे, एक घर बाजूला ठेवला. पट पुसल्यासारखं केलं, आणि तिथूनच घोडा चालवत असल्याचं कर्ण्यातून ओरडलो. लाप म्हणाला, की घोडा तिथे नाहीच. मी म्हणालो, की पहिल्यापासून तिथेच आहे.

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. पण साहेब करणार काय? परक्यांसमोर, चित्रण चालू असताना, आपलाच माणूस खोटा असं कसं म्हणतील? त्यांनी माझ्या हातातला कर्णा घेतला आणि घोडा पूर्वापार तिथेच असल्याचं जाहीर केलं. पलीकडचे साहेब म्हणाले, की त्यांच्याकडे त्याहून जुनी नोंद आहे. मग लापला उमगलं असावं, कारण त्यानेही आपला हत्ती मुकाट्याने एक घर मागे घेतला.

आता दोन्ही देशांनी पटाचे नकाशे छापलेत. आमच्यात घोडा अलीकडे आहे, त्यांच्यात पलीकडे, आणि हत्तीवर दोघांचाही हक्क आहे. गुरुजी सांगत होते, की अशा पटावर दोन्ही सेनापती, म्हणजे पटाचे राजेच, एकदमच मेलेले आहेत. त्यांना सक्तीची रजा मिळाली. वरून हुकूम आला, की घोड्याचा निकाल लागेपर्यंत टोपलीच्या आत कोणीही जायचं नाही, दोन्ही बोटींनी तोंडावर कायम पहारा द्यायचा. तज्ज्ञांच्या मते निकालाला तीस-चाळीस वर्षं सहज लागतील. अकरा घरांची सोय झाली. एकतिसावं पानही आता गोपनीय ठरलंय, त्यामुळे ते फाडायला कोणी हात लावत नाही, आणि वही संग्रहालयात न जाता घरीच राहिली.

बाबांना सगळं सांगितलं, कानाशी जाऊन, दोनदा. त्यांनी विचारलं, की घोडा खरा कुठे होता. मी खरं ते सांगितलं. म्हणाले, की मग तू जिंकलाच होतास. मी हो म्हणालो. ते उठले, वाटवही आणून माझ्यापुढे ठेवली आणि बत्तिसावं पान उघडलं. त्या वहीत मी पहिल्यांदाच लेखणी टेकवली, यूचिन, सत्तावन्नाव्या वर्षी. मी लिहिलं: 'वाकडी टोपली. २०१८, सातवा महिना. मीही हरलो. बाहेर थांबावं.'

त्यांनी ते बोट फिरवत वाचलं, सुई-दोरा काढला आणि पान पक्कं शिवायला बसले. शिवता शिवता आतल्या खोलीकडे ओरडून सुनेला म्हणाले, की नाखव्याला भात वाढ.

तुझा लोभ आहेच, तो मागायचं आता वय नाही.
नाखवा लू देमाओ