खंड्या मिळाला का?

आई, परवा रविवारी तुझा कॅमेरा गळ्यात अडकवून मी मोहने गावाला नदीवर गेलेले. उजाडायच्या आत निघालो होतो. थंडी होती बरं का! आमच्या डोंबिवलीत हल्ली थंडी म्हणजे पंखा एकवर ठेवायचा, संपलं. पण नदीवर ती जुनी थंडी अजून शिल्लक आहे, नाकाचा शेंडा बधिर करणारी. गाडी तुझी नात चालवत होती आणि मी शेजारी बसून तिला रस्ता सांगत होते, म्हणजे दर वळणावर चुकत होते. शहाड मागे पडलं तेव्हा कुठे मला ओळखीचं वाटायला लागलं. तुला हे सगळं कळवायचंय म्हणून लिहायला बसले, असं म्हणणार होते. पण कशाला खोटं बोलू? मला तुझ्याशी भांडायचं होतं. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, आता माझेच केस पांढरे झालेत, आणि या वयात मला तुझा असा राग आला की महिनाभर धड झोप नाही.

थांब, पहिल्यापासून सांगते. तुला त्या हिवाळ्यातल्या सकाळी आठवतात का गं? आपलं कल्याणचं दोन खोल्यांचं घर, स्वयंपाकघरातला पिवळा दिवा, आणि तू ओट्याशी उभी राहून थर्मासमध्ये चहा ओततेयस. पाचवारी साडी, वर बाबांचा ढगळ स्वेटर, डोक्याला मफलर आणि पायात कॅनव्हासचे बूट. शाळेतल्या मुलांनी तुला तशी पाहिली असती तर जीवशास्त्राच्या तासाला कुणी घाबरलं नसतं. स्टीलच्या डब्यात रात्रीच्या पोळ्यांचा गूळ घालून केलेला लाडू. 'उठतेस, की मी एकटी जाऊ?' एवढं एकदाच विचारायचीस, दुसरी हाक नाही. बाबा पांघरुणातूनच म्हणायचे, 'पक्ष्यांना सांगा, साहेब आठनंतर भेटतील.' आणि जिन्यात हमखास शेजारच्या काकू पाणी भरत असायच्या. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, 'एवढ्या पहाटे कुठे गं मायलेकी?' तू सरळ सांगितलंस, 'नदीवर.' काकूंच्या हातातली कळशीच टेकली खाली. 'अगं बाई! कोण गेलं?' त्यावर तू गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, 'कोणी नाही हो, खंड्याला भेटायला चाललोय.' काकूंना तो खंड्या कोण, हे कळायला दुसरा हिवाळा उजाडला.

कॅमेरा मामाने मस्कतहून आणलेला. आपल्या घरातली सगळ्यात महागडी वस्तू तीच होती, आणि मला तिला हात लावायची बंदी. एक रोल तू दिवाळीपासून होळीपर्यंत पुरवायचीस. एखादा बगळा अगदी मनासारखा उभा असला तरी तू कॅमेरा वर उचलायचीस, बघायचीस आणि परत खाली घ्यायचीस. मी कळवळून म्हणायचे, 'आई, काढ ना!' तू म्हणायचीस, 'आधी डोळ्यांनी बघ. डोळ्यांना रोल लागत नाही.' तुला हवा होता तो खंड्या. शाळेच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं, पण छापखान्याच्या कृपेने निळ्याचा पार जांभळा चिखल झालेला. तू तावातावाने म्हणायचीस, 'पोरं हाच निळा समजून मोठी होतील. मला त्यांना खरा निळा दाखवायचाय, चोचीत मासा धरलेला, समोरून.' त्याच्यापायी दोन-तीन हिवाळे आपण त्या काठावर बसून काढले. तो कधी पाठमोरा बसायचा, कधी पलीकडच्या तीरावर, आणि जवळ आला की तुझा हात उठायच्या आत भुर्रकन पसार.

मग ती सकाळ. मी सातवी-आठवीत असेन. निघायच्या आधी तू ओट्यावर नवा रोल भरत होतीस आणि नेमकं दूध उतू गेलं. एका हाताने पातेलं उतरवलंस, दुसऱ्या हाताने कॅमेऱ्याचं झाकण लावलंस, आणि पहिली बस चुकेल म्हणून आपण अक्षरशः धावत सुटलो. मोहन्याला उतरलो तेव्हा कारखान्याचा भोंगा वाजत होता आणि धुकं एवढं की रस्त्यापलीकडची चहाची टपरी नुसत्या आवाजावरून कळत होती. काठावर आलो. तू बगळ्यांचे एक-दोन फोटो काढलेस, आणि मग थांबलीस. कॅमेरा पोटाशी धरून त्याच्या डाव्या बाजूच्या गोल चकतीकडे बघत राहिलीस. अंगठ्याने खटका ओढलास, चकतीकडे बघितलंस. बटण दाबून परत ओढलास, परत बघितलंस. 'हं,' एवढंच म्हणालीस. बराच वेळ नदीकडे तोंड करून उभी होतीस. मला वाटलं, काहीतरी बिनसलंय, आता मलाच ओरडा बसणार. तू वळलीस, गळ्यातला पट्टा काढलास आणि माझ्या गळ्यात घातलास.

'घे. आज तू काढ.'

'मी?' मी पट्टा दोन्ही हातांनी धरला. 'किती काढू?'

'हवे तेवढे काढ.'

आई, देवाशपथ सांगते, लग्नात मंगळसूत्र गळ्यात पडलं तेव्हासुद्धा माझी छाती एवढी धडधडली नव्हती. मी सुटलेच. धुक्यातली कारखान्याची चिमणी काढली, शेपटी हलवत फिरणारा धोबी पक्षी काढला, पाण्यात बसलेल्या म्हशी काढल्या. म्हशींचे तर चार-पाच काढले आणि तू ब्र काढला नाहीस! तिथेच मला संशय यायला हवा होता. काठावर कपडे धुणारी गावातली एक बाई हसून म्हणाली, 'काय गो बाय, माजा पन काड ना फोटू,' तर तिचाही काढला. तू मागून सांगत होतीस, 'कोपर पोटाशी घट्ट धर. श्वास रोख. आता दाब, हळू.' तुझा हात माझ्या खांद्यावर होता आणि थर्मासच्या चहाचा वास तुझ्या मफलरला येत होता.

आणि तेव्हाच तो आला. मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या बांबूवर, आपल्यापासून दहा-बारा हातांवर, तोंड आपल्याकडे. सूर मारला, वर आला, आणि चोचीत मासोळी घेऊन पुन्हा तिथेच बसला. धुकं जरासं फाटून त्याच्या पाठीवर ऊन पडलं. तू माझ्या कानाशी कुजबुजलीस, 'तोच! काढ, काढ, हलू नकोस.' मग माझा खांदा सोडून दोन पावलं पुढे, माझ्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिलीस. मी कॅमेरा डोळ्याला लावला, श्वास रोखला आणि दाबलं. दाबतच राहिले. तो उडून गेला तसं तू विचारलंस, 'खंड्या मिळाला का?' मी म्हटलं, 'मिळाला.' येताना वालाच्या शेंगा घेतल्या, आणि बसमध्ये तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, 'हात स्थिर आहे तुझा.'

आठवड्याभराने तू सांगितलंस, रोल वाया गेला. 'लावताना माझंच काहीतरी चुकलं गं.' मी रडून घर डोक्यावर घेतलं. तुझं चुकेल यावर माझा विश्वासच बसेना, म्हणून सगळं खापर मी स्टुडिओवाल्यावर फोडलं. त्यानेच धुताना घाण केली असणार! त्या माणसाच्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढले नाही, साध्या पासपोर्ट फोटोला तंगडतोड करत स्टेशनच्या पलीकडे जायचे. त्या रोलमध्ये मला काय हवं होतं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. पुढे माझी दहावी आली, मग तुझं आजारपण, आणि नदी राहूनच गेली. तू गेलीस तेव्हा भिंतीवर लावायला तुझा फोटो मिळेना. सगळ्यांचे फोटो काढणारी तूच. शेवटी बाबांनी शाळेच्या ग्रुप फोटोतला तुझा चेहरा मोठा करून आणला. अजून तोच आहे माझ्या हॉलमध्ये. कुणीतरी गृहपाठ केलेला नाही, असा चेहरा आहे तुझा त्यात. माझे मिस्टर त्याच्यासमोर अजून पाय पसरून बसत नाहीत.

मी काही फोटोग्राफर झाले नाही. बँकेत चिकटले, ठाण्याच्या शाखेतून निवृत्त झाले. पण कुठेही धीर सुटायला लागला, इंटरव्ह्यूला, बाळंतपणाला, बाबांच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करताना, की मी ती सकाळ आठवायचे. माझ्या कडक आईने, जी कुणावर म्हणून विश्वास टाकत नसे, तिने आपला कॅमेरा माझ्या गळ्यात घातला होता. 'हवे तेवढे काढ' म्हणाली होती. एवढ्यावर मी आयुष्य रेटलंय, आई.

आणि गेल्या महिन्यात माळा साफ करताना तो कॅमेरा हाती लागला. हल्लीच्या पोरांना रोलचं भारी वेड. लेकीने कुठून तरी रोल मागवला, मोबाइलवर बघून बघून आत भरला आणि मला शिकवायला लागली. 'मम्मा, हे बघ. खटका ओढला ना, की ही डावीकडची चकती फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर समजायचं आत रोल अडकलाच नाहीये. वरचा आकडा पुढे जातो, क्लिक पण होतं, पण फोटो एकही येत नाही. फुल पोपट!'

मी तिच्या हातातल्या चकतीकडे बघत बसले. तुझा अंगठा दिसला मला. तुझं ते 'हं' ऐकू आलं. म्हणजे तुला माहीत होतं! रोल सरकत नाहीये हे कळलं, म्हणूनच दिलास मला कॅमेरा. वाया जाणार असं काहीच नव्हतं, मग काय, खेळू दे पोरीला. खुळखुळा द्यावा तसा दिलास. अशी आग झाली म्हणून सांगू! भिंतीवरच्या तुझ्या फोटोला त्या दिवशी मी हार घातला नाही. सणाचा दिवस होता, तरी नाही घातला.

तर परवा त्या काठावर उभं राहून हे सगळं मी लेकीला सांगितलं. जलपर्णीने पाणी अर्धंअधिक झाकलंय, भोंगा केव्हाच बंद झालाय, पण धुकं तेच आहे. सांगता सांगता माझा आवाज चढला. म्हटलं, 'बघ तुझी आजी! पोरीला फसवलंन.' तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'पण मम्मा, सीरियसली, मग आजीने तिथेच परत का नाही लावला रोल? दोन मिनिटांचं काम आहे. तिला तर खंड्या हवा होता ना?'

आई गं. खरंच की! काठावर बसून पदराच्या आडोशात रोल बदलताना मीच तुला पाहिलंय. नवाकोरा रोल होता. नीट लावून तू दिवसभर फोटो काढू शकली असतीस. तू एकदा नदीकडे बघितलंस, एकदा माझ्याकडे, आणि तो तसाच राहू दिलास. मग ज्याची इतके हिवाळे वाट बघितलीस तो समोर येऊन बसला, चोचीत मासा, पाठीवर ऊन, आणि काही उमटणार नाही हे पक्कं ठाऊक असताना तू मला म्हणालीस, 'काढ, काढ.' त्याच्यानंतर तो तसा कधी मिळाला नाही तुला. शाळेतली पोरं जांभळाच खंड्या बघत राहिली. आणि मी इथे तुझ्याशी भांडायला निघालेले! लेकीने डबा उघडून लाडू हातात दिला. तो खाता खाता मी ढसाढसा रडले, काठावरचे बगळे उडून गेले.

आमचा रोल मात्र सरकला. चकती फिरत होती, मी दर वेळी बघत होते. खंड्या काही आला नाही. घरी आल्यावर आधी हार घातला तुला, मग चहा टाकला. हे पत्र कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीत ठेवून देईन, तुझ्या वस्तूंत राहील.

आता एक शेवटचं, मग दिवा मालवते. त्या सकाळी मीही तुला फसवलंय. तू खांदा सोडून उजवीकडे पुढे गेलीस, आणि खंड्याला बघून तुझं तोंड लहान मुलीसारखं उघडंच राहिलं. चष्म्यावर धुकं जमलेलं, मफलर सुटलेला, आणि तू अशी हसत होतीस की तशी मी तुला आधी कधी बघितलीच नव्हती. तू विचारलंस, खंड्या मिळाला का, मी म्हटलं, मिळाला. नव्हता मिळाला गं. मी त्याच्याकडे कॅमेरा धरलाच नव्हता. सगळे तुझेच काढले होते.