कार्ड जपून ठेवा

डहाणू, मंगळवार संध्याकाळ

तलासरीकडच्या पाड्यावरून लखमीबाई रुग्णालयात माझ्या आरोग्य योजनेच्या मदत टेबलाशी आल्या. पित्ताशयात खडे, वर्षभर पोटदुखी. मी विचारलं, "योजनेचं कार्ड असताना इतके दिवस का थांबलात?"

"तूच गावात सांगितलंस ना, जपून ठेवा! एकदा वापरलं का संपतं. सुनेसाठी ठेवलेलं."

जपून ठेवा. खरंच, तेवढंच बोललो होतो का मी? वापरल्याने कार्ड संपत नाही, हे राहूनच गेलं? मग पाऊण तास समजावलं. नव्या डॉक्टरांनाही हे ऑपरेशन योजनेत बसतं हे माहीत नव्हतं. त्यांना यादी दाखवली.

ऑपरेशन गुरुवारी ठरलं. वॉर्डात जाताना लखमीबाईंनी बाकावरच्या अनोळखी बाईला आपल्या बोलीत दोन वाक्यं सांगितली. त्या बाईने लगेच पिशवीतून स्वतःचं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं.